फोड ताजा असतानाच दाखवा
वाचकांचे प्रश्न : जननेंद्रियावरचा हर्पिस

हा विषय घरात बोलता येत नाही, म्हणून पत्रांत येतो. ठाणे, कळवा, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न इथे घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. उत्तरं त्वचा व गुप्तरोग आणि स्त्रीरोग या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : वय २५, ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. कॅन्टीनमध्ये विषय निघाला. एक म्हणाला, पाचातल्या एकाला हर्पिस असतो. दुसरा म्हणाला, दहातल्या सहा-सातांना. तिसऱ्याच्या मते हे सगळं परदेशातलं. आमच्या वयात, ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरात, हा नक्की किती?

पहिल्या दोघांचे आकडे खरे आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. तिसरा साफ चुकतोय.

हर्पिस सिम्प्लेक्सचे विषाणू दोन. एचएसव्ही-१ बहुधा ओठांवर येतो आणि लहानपणीच लागतो. घरातल्या मोठ्यांच्या पाप्यांमधून, उष्ट्यामाष्ट्यातून तो पोरांपर्यंत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांत, म्हणजे सुमारे ६४ टक्क्यांत, तो आहे. तुमच्या दुसऱ्या मित्राचा आकडा हा. एचएसव्ही-२ मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत, साधारण १३ टक्क्यांत, आहे. आता एचएसव्ही-१ सुद्धा मुखमैथुनातून खाली पोचतो. दोन्ही मिळून जननेंद्रियावर संसर्ग असलेले लोक मोजले की आकडा होतो ८४ कोटी ६० लाख, या वयातल्या पाचांत एकाहून थोडे जास्त. पहिल्या मित्राचा आकडा हा. पण २०२० या एका वर्षात त्रास, म्हणजे फोड किंवा व्रण, निदान एकदा झालेले लोक होते २० कोटींच्या थोडे वर. संसर्ग असणं आणि आजार दिसणं यांत चौपट अंतर आहे.

वयाचा हिशेब अमेरिकेतल्या पाहणीत स्वच्छ दिसतो, कारण तिथे सर्वसाधारण लोकांचं रक्त घेऊन तपासतात. २०१५-१६ मध्ये एचएसव्ही-२ चं प्रमाण १४ ते १९ वयात ०.८ टक्के, विशीत ७.६, तिशीत १३.३ आणि चाळिशीत २१.२ टक्के होतं. याचा अर्थ चाळिशीतली माणसं जास्त बेफिकीर असतात असा नाही. हा विषाणू एकदा शिरला की आयुष्यभर राहतो, त्यामुळे आकडा वयाबरोबर साठत जातो. तरुणांमध्ये एकूण बाधित कमी असतात, पण नव्याने लागण होण्याचं वय हेच.

तुमच्या मजल्यावर विशीतले शंभर जण धरा. अमेरिकेचा दर लावला तर सात-आठ जणांत एचएसव्ही-२ निघेल. तिथल्याच एका पाहणीत बाधितांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांना आपल्याला हा आहे असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे सात-आठांपैकी ज्याला माहीत आहे असा एखादाच. हा दर नवी मुंबईला जसाच्या तसा चिकटवू नका. मात्र ‘मला माहीत असलेल्यांत कुणालाच नाही’ हा पुरावा किती पोकळ आहे, ते यावरून कळतं.

आपल्याकडे सरकारी आकडा म्हणून जो ऐकू येतो, तो व्रण घेऊन दवाखान्यात आलेल्यांचा असतो. ज्याला कधी फोड दिसलाच नाही तो त्यात नाही. ज्याने मेडिकलमधून ट्यूब आणून लावली तो नाही. खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेले बहुतेक जण नाहीत. तो आकडा दवाखान्यावरचा भार सांगतो, शहरातलं प्रमाण सांगत नाही. बातमीत ‘रुग्ण वाढले’ असं वाचलंत, तर आधी विचारा : संसर्ग वाढला, की दाखवायला येणारे वाढले?

दोन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या आहेत. बायकांमध्ये एचएसव्ही-२ पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, कारण विषाणूला शिरायला ओलसर नाजूक त्वचा जास्त मिळते. दुसरी गोष्ट सुबत्तेची. लहान कुटुंबात, वेगळ्या ताटात वाढलेली मुलं एचएसव्ही-१ न लागता विशीत पोचतात आणि मग तो पहिल्यांदा भेटतो तो शरीरसंबंधात. सधन देशांत तरुणांच्या पहिल्या जननेंद्रिय-हर्पिसचं मोठं कारण आज एचएसव्ही-१ हे आहे. संकुलांत वाढलेल्या आपल्या पिढीने ‘आम्ही तर फक्त ओरल केलं होतं’ यावर विसंबू नये.

प्रश्न : वय २२, घणसोलीत पीजीमध्ये राहतो. तीन दिवसांपूर्वी लिंगाच्या कातडीवर बारीक फोडांचा घोस आला, आता फुटून जखमा झाल्यात. लघवीला आग होते, जांघेत अवधाण आलंय, अंगात कसर आहे. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती दोनदा लावली. हा हर्पिसच का? काय करू?

ट्यूब लावणं आत्ता थांबवा. दुकानातून न विचारता मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात : बुरशीचं, जंतूचं आणि भरीला जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली आणि खाज एका रात्रीत दबते म्हणून ती खपते. पण विषाणूला रान मोकळं होतं, आणि डॉक्टरला दिसणारं चित्रही बिघडतं. ट्यूबचा खोका फेकू नका, सोबत न्या.

तुम्ही लिहिलेली लक्षणं पहिल्या हर्पिसची वाटतात : संबंधानंतर २ ते १२ दिवसांत, सरासरी चौथ्या दिवशी, लाल कातडीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, तो फुटून उथळ, दुखरे व्रण होतात, सोबत ताप आणि दोन्ही जांघांत दुखऱ्या गाठी. पण पत्र वाचून निदान होत नाही. त्याच जागी येणाऱ्या दुसऱ्या चार गोष्टी तपासणाऱ्याने मनात ठेवायला हव्यात.

सिफिलिसचा व्रण बहुधा एकच, कडक काठाचा आणि न दुखणारा असतो. तो आपोआप भरतो, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि आजार आत वाढत राहतो. नायटा तर आपल्या दमट हवेत आणि गर्दीच्या लोकलमध्ये घामेजलेल्या जांघांचा नेहमीचाच. त्याला कडा असते, तो गोल पसरतो, खाजतो, पण फोड फुटून व्रण होत नाहीत. खरूज रात्री खाजते आणि घरातल्या इतरांनाही होते. चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त फसवते : औषधाची ठरावीक जागी येणारी ॲलर्जी. जुलाबावरची एखादी गोळी किंवा अंगदुखीची गोळी घेतली की काही तासांत शिश्नाच्या टोकावर नेमक्या त्याच जागी चट्टा येतो, फोड येतो, सोलवटतो आणि बरा होताना काळपट-जांभळा डाग सोडतो. पुन्हा ती गोळी, पुन्हा तोच चट्टा. अशी माणसं वर्षानुवर्षं स्वतःला हर्पिसचा रोगी समजत राहतात. म्हणून फोड येण्याआधीच्या दोन दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, अगदी डोकेदुखीचीसुद्धा.

आता क्रमाने.

उद्या नव्हे, आजच त्वचा व गुप्तरोग ओपीडी गाठा. खात्रीची तपासणी म्हणजे व्रणातला स्वॅब घेऊन केलेली पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. फोड जितका ताजा तितकी ती भरवशाची. खपली धरली की विषाणू कमी होत जातो आणि निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ राहत नाही. जायच्या आधी त्या जागेवर डेटॉल, बीटाडिन, हळद, तुरटी काही लावू नका, साध्या पाण्याने धुवा. स्वॅब नीट घेतात तो असा : न फुटलेला फोड असेल तर त्याचं टोक निर्जंतुक सुईने उघडायचं, आतल्या तळावर कृत्रिम धाग्याचा स्वॅब दाबून फिरवायचा आणि विषाणूच्या वाहक द्रवाच्या नळीत टाकून थंड ठेवून पाठवायचा. दुखतं. वरवर फिरवलेल्या स्वॅबमध्ये पाणी येतं, पेशी येत नाहीत. पीसीआर कुठला प्रकार तेही सांगते, आणि ते पुढे कामाला येतं : जननेंद्रियावरचा एचएसव्ही-१ पहिल्या वर्षात एखाद्या वेळी उलटतो, एचएसव्ही-२ साधारण चार वेळा.

काही ठिकाणी व्रणाचा तळ खरवडून काचपट्टीवर घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकात अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी शोधतात. ही झँक तपासणी स्वस्त आणि त्याच दिवशी होणारी आहे. पेशी दिसल्या तर बळकटी मिळते, न दिसल्या तर हर्पिस नाही असं म्हणता येत नाही.

औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नाही. पहिल्या वेळी ॲसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून दोनदा, तितकेच दिवस. पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर उत्तम, पण नवे फोड येत असतील तर नंतरही फायदा होतो. दहा दिवसांत व्रण भरले नाहीत तर कोर्स लांबवतात. या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी प्या आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधीच सांगा, मात्रा कमी करावी लागते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या मागे लागू नका, पॅरासिटामॉल पुरतं. ॲसायक्लोव्हिरचं मलम इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. गोळीच लागते.

घरी करायचं ते एवढंच : लिटरभर कोमट पाण्यात दीड-दोन छोटे चमचे मीठ, त्याने दिवसातून दोन-तीनदा जागा धुवायची आणि टिपून कोरडी करायची. लघवीला आग फार होत असेल तर कोमट पाणी ओतता ओतता लघवी करा. डॉक्टरांनी जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली लिहून दिली असेल तर ती आधी पाच मिनिटं लावा. सुती, सैल चड्डी. हात साबणाने धुवा, आणि त्या हाताने डोळा चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स तर मुळीच घालू नका.

लघवी तुंबली, डोकं प्रचंड दुखून मान कडक झाली, डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा गिळताही येत नाही असं झालं, तर ओपीडीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात.

आणि त्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या करून घ्या. एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते, शिवाय एकाच संबंधातून दोन गोष्टी येऊ शकतात. एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा.

प्रश्न : वय २७, खारघर. लग्न ठरलंय. दोघांनी ‘लग्नाआधीचं पॅकेज’ म्हणून रक्त दिलं. माझ्या रिपोर्टमध्ये ‘एचएसव्ही १ व २ आयजीएम पॉझिटिव्ह’ आणि ‘एचएसव्ही-२ आयजीजी १.६’ असं आलं. मला आयुष्यात कधी फोड आलेला नाही. सासरी काय सांगू?

सासरी काही सांगू नका. सांगण्यासारखं काही सिद्धच झालेलं नाही.

आयजीएम आणि आयजीजी ही विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं. आयजीएम आधी येतात, आयजीजी मागाहून येऊन टिकतात. त्यातला आयजीएमचा कागद बाजूला ठेवा. ताजा संसर्ग ओळखायला तो आहे असं समजून मागवतात, पण हर्पिसमध्ये तो जुन्या संसर्गातही वर येतो, एचएसव्ही-१ आणि २ मध्ये फरक करत नाही आणि दुसऱ्याच कारणानेही पॉझिटिव्ह दिसतो. निदानासाठी तो वापरू नये, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पॅकेजमध्ये आणि गर्भपातानंतर सांगितल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीत (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) तो अजून का छापला जातो, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही.

आयजीजी थोडी कामाची, पण तिचा आकडा वाचावा लागतो. साधारण ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संशयास्पद. मेख अशी, की १.१ ते ३.० या पट्ट्यातले पॉझिटिव्ह दुसऱ्या पद्धतीने तपासले तर बरेच खोटे निघतात. तुमचा १.६ बरोबर तिथे आहे. हिशेब करून पाहा. समजा शंभर जणींत खरोखर पाच बाधित आहेत आणि तपासणी शंभर निरोगींपैकी तिघींना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग रिपोर्ट आठ जणींचे पॉझिटिव्ह येणार, त्यातल्या तिघी निरोगी. ज्या गटात आजार कमी, तिथे खोट्या पॉझिटिव्हचा वाटा जास्त. म्हणूनच लक्षण नसलेल्यांची सरसकट हर्पिस-तपासणी कुणी सुचवत नाही.

काय करायचं? त्वचारोगतज्ज्ञाला रिपोर्ट दाखवा. एचएसव्ही-२ ची प्रकारनिहाय आयजीजी, ग्लायकोप्रोटीन-जी या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनावर आधारित, वेगळ्या पद्धतीच्या किटवर पुन्हा करता येते का ते विचारा. शेवटच्या शक्य संपर्कानंतर बारा आठवडे झालेले असावेत, त्याआधी पुरेशी प्रतिद्रव्यं तयार झालेली नसू शकतात. दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर विषय संपला. ठळक पॉझिटिव्ह आला, तरी त्यातून कधी आणि कुणाकडून हे कळत नाही, आणि लग्न मोडण्याचं ते कारण नाही. हर्पिसने वंध्यत्व येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेला विषाणू वेगळा, एचपीव्ही. आणि फक्त एचएसव्ही-१ ची आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर लहानपणी लागलेला ओठांचा विषाणू तेवढा समजतो. जागा तो रिपोर्ट सांगत नाही.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, हा वेगळा प्रश्न. पक्कं निदान झालं तर सांगावं असं आमचं मत. पण आधी निदान, मग बोलणं.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. लग्नाला चार वर्षं. नवऱ्याला मागच्या महिन्यात पीसीआरने एचएसव्ही-२ निघाला. मला काही नाही. त्याचा अर्थ तो बाहेर गेला होता असा का? आणि आता मला होऊ नये म्हणून काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये नाही. पहिल्यांदा फोड दिसला म्हणजे पहिल्यांदा लागण झाली असं नसतं. विषाणू कण्याच्या खालच्या भागातल्या मज्जागुच्छांत, म्हणजे मज्जातंतूंच्या गाठींत, वर्षानुवर्षं गप्प बसतो, आणि लग्नाआधीचा संसर्ग चार वर्षांनी पहिल्यांदा वर येऊ शकतो. तो तुमच्याकडूनही गेलेला असू शकतो, तुम्हाला कधी काही दिसलं नसलं तरी. या कागदावरून कुणाला दोषी ठरवू नका, निर्दोषही नाही. संशयाची इतर कारणं असतील तर ती वेगळी बोला.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र नेमकं उत्तर आहे. आधी तुमची एचएसव्ही-२ आयजीजी करा. ठळक पॉझिटिव्ह असेल तर पुढची सगळी धडपड नको. निगेटिव्ह असेल तर तीन गोष्टी एकत्र पाळायच्या.

फोड असताना, आणि फोड येण्याआधी मुंग्या, टोचणी, नितंबात किंवा मांडीत कळ अशी चाहूल लागल्यापासून खपली पूर्ण पडून नवी कातडी येईपर्यंत संबंध नाही, कंडोम लावूनही नाही. इतर दिवशी कंडोम. पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण कंडोममुळे दर संबंधामागे सुमारे ९६ टक्क्यांनी घटते असं आढळलंय, स्त्रीकडून पुरुषाला होणारी ६५ टक्क्यांनी. हा फरक यासाठी, की स्त्रीच्या बाजूला कंडोमबाहेर उघडी त्वचा जास्त राहते. तिसरी गोष्ट रोजची गोळी. नवऱ्याने व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. रोज एक घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. ‘फोड नसेल तर भीती नाही’ ही समजूत सोडा. ज्यांना फोड येऊन गेलेत त्यांच्या त्वचेवरून साधारण पाचातल्या एका दिवशी विषाणू बाहेर पडत असतो, आणि यातले बहुतेक दिवस फोड नसतानाचे.

फोड अधूनमधूनच येत असतील आणि रोज गोळी नको असेल, तर ॲसायक्लोव्हिर ८०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा पाच दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा तीन दिवस. गोळ्या घरात आणून ठेवायच्या. चाहूल लागल्यावर पहिल्या दिवसात घेतली तरच उपयोग. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहून आणण्यात पैसे जातात, फोड आपला वेळ घेऊन जातो. वर्षात सहा किंवा जास्त वेळा उलटत असेल तर रोजची गोळी घेतलेली बरी. फोड येण्याचं प्रमाण तिने ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं. वर्षभराने थांबवून पाहतात, कारण काळ गेला तसा हा आजार आपणच मंदावतो.

प्रश्न : सातवा महिना, कळवा. मला तीन वर्षांपूर्वी हर्पिस झाला होता, आईला माहीत नाही. बाळाला होईल का? सिझर करावंच लागेल का?

आईला कळवायची गरज नाही, पण तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की सांगा. केसपेपरवर नोंद हवी.

तुमच्यासारख्या जुन्या संसर्गात बाळाला लागण होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी, कारण तुमची प्रतिद्रव्यं नाळेतून बाळाला मिळालेली असतात. धोका आहे तो शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागण झालेल्या आईच्या बाळाला : तिथे ३० ते ५० टक्के. तुमच्यासाठी नेहमीची पद्धत अशी : छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत ॲसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा. कळा सुरू झाल्यावर नीट उजेडात तपासणी. फोड किंवा चाहूल असेल तर सिझेरियन, नसेल तर नेहमीसारखं बाळंतपण. आधीपासून सिझरची तारीख घेऊन ठेवायची गरज नाही. स्तनावर फोड नसेल तर दूध बिनधास्त पाजा, गोळी चालू असतानाही.

एक सूचना घरातल्या सगळ्यांसाठी. ओठावर फोड असलेल्या कुणीही, आजी-आजोबा धरून, नवजात बाळाचा पापा घेऊ नये. पहिल्या सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्तावलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले तर त्याच तासाला रुग्णालय.

प्रश्न : कोपरखैरणेत सहा जणी एकत्र राहतो, बाथरूम एक. एकीला हर्पिस आहे असं कळलं. संडासाच्या सीटवरून होतो का?

नाही. कोरड्या पृष्ठभागावर तो तग धरत नाही, आणि लागायला कातडीला कातडी घासावी लागते. वॉशिंग मशीन, पोहण्याचा तलाव, धुतलेल्या ताटवाट्या यांतूनही नाही. ओला टॉवेल आणि रेझर तसेही एकमेकींचे वापरू नयेत. तिला वेगळी बादली देऊ नका.

प्रश्न : आत्याच्या कमरेवर नागीण आली होती, डॉक्टरांनी हर्पिस म्हटलं. तिला तो ‘तसला’ आजार कसा?

तसला नाही. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, कांजिण्यांचाच विषाणू म्हातारपणी किंवा अशक्तपणात पुन्हा उठतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा येतो, शरीरसंबंधाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोळ्यांची नावं तीच असली तरी मात्रा बरीच जास्त असते, त्यामुळे आत्याच्या उरलेल्या गोळ्या कुणी वापरू नयेत.

प्रश्न : वय २१, वाशी, कॉलेजात. ओळखीच्या डॉक्टरकडे जायचं नाही, पैसे फार नाहीत. ‘लग्न झालंय का’ विचारतील याची भीती वाटते. कुठे जाऊ?

सरकारी ओपीडीत. वाशीचं महापालिका सार्वजनिक रुग्णालय, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिका रुग्णालयं, ठाण्याकडच्यांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगायचा नसतो, ‘त्वचा विभाग’ किंवा ‘स्त्रीरोग’ एवढंच म्हणा. वाशी सोयीचं नसेल, किंवा वाशीत ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल, तर ट्रेन धरून दुसऱ्या रुग्णालयात जा, कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. तिथे लैंगिक आजारांची औषधं रंगीत किटमध्ये फुकट मिळतात. हर्पिसचं किट लाल, क्रमांक ५ : ॲसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ.च्या २१ गोळ्या, दिवसाला तीन, सात दिवस. पांढरं किट मिळालं तर ते हर्पिस नसलेल्या व्रणाचं आहे, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिन असतं. काही वेळा व्रण पाहून खात्री होत नसेल तर दोन्ही देतात. गोंधळू नका, पण विचारून घ्या. तिथली तपासणी लक्षणं पाहून होते, पीसीआर बहुधा खासगी लॅबमध्ये करावी लागते. दर आधी फोनवर विचारा आणि ‘स्वॅब तुम्ही घेता का, की डॉक्टरांकडून घेऊन यायचा’ हेही विचारा. अनेक लॅब रक्त घेतात, स्वॅब घेत नाहीत, आणि माणूस हेलपाटा टळावा म्हणून रक्ताची तपासणी करून परततो. नको त्या रिपोर्टांची सुरुवात इथूनच होते.

एचआयव्हीची तपासणी शेजारच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात फुकट होते. ती तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

‘लग्न झालंय का’ हा प्रश्न येईल. अठरा पूर्ण असतील तर एकटीने दाखवता येतं, सोबत पालक लागत नाही. ‘नाही, पण संबंध आले आहेत, शेवटचा अमुक तारखेला’ असं सरळ वाक्य तयार ठेवा. डॉक्टरांना तारीख हवी असते, त्यावरून कुठली तपासणी आज आणि कुठली बारा आठवड्यांनी ते ठरतं. तपासणीला पडदा आणि सोबत बाई कर्मचारी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कुणी उपदेश सुरू केला तर ऐकून घ्या, आणि किट घेतल्याशिवाय उठू नका.